मागच्या ओट्याचं माप

ओट्याची उंची कोपरावरून ठरते हे चिमीला बावन्नाव्या वर्षी कळलं. तोवर तिची समजूत अशी की ओटा घराबरोबर येतो, जसा येईल तसा, आणि माणसाने त्याच्याशी जमवून घ्यायचं असतं. इंटिरियरवाली मुलगी गळ्यात टेप अडकवून सकाळी सकाळी आली, तिने टेबलावर नकाशा पसरला, चारही कोपऱ्यांवर कप ठेवले आणि म्हणाली, मॅडम, सरळ उभ्या राहा, हात कोपरात दुमडा. कोपराच्या खाली चार बोटं सोडून तिने एक आकडा लिहिला. हा झाला पुढचा ओटा, पाहुण्यांना दिसणारा. मग पेन्सिल नकाशावर सरकवत तिने मागच्या खोलीवर ठेवली. ही पॅन्ट्री. खरं काम इथे व्हायचं, खरकटी भांडी इथे, कांद्याचा वास इथे, तेलाचे शिंतोडे इथे. पुढचं स्वयंपाकघर कसं सदा आंघोळ करून बसल्यासारखं स्वच्छ. मागे कोण उभं राहणार, तिने विचारलं. चिमी तेव्हा दोन लाद्यांचे तुकडे हातात घेऊन राखाडी बरा की दुधी बरा हे बघत होती. मान वर न करता ती म्हणाली, ‘‘ताई.’’ एवढंच. कुणी पाणी मागावं इतक्या सहज. आणि ताई, जी सिंकपाशी कप विसळत होती, तिने नळ बंद केला, हात पुसले, पुढे येऊन सरळ उभी राहिली आणि कुणी न सांगता हात कोपरात दुमडला. मुलीने माप घेतलं. ताई बुटकी. मागचा ओटा पुढच्यापेक्षा तीन इंच खाली आला.

आता यात काय झालं, असं कुणीही म्हणेल. चिमीही क्लिनिकला जाताना गाडीत स्वतःला तेच सांगत होती. स्वयंपाक ताई करते, गेली अठरा वर्षं करते, तर ओटा तिच्या मापाचा होणार, बिचारीची पाठ दुखते, उलट हे तिच्या सोयीचंच. सगळं बरोबर होतं. पण ते दुमडलेलं कोपर काही डोळ्यांपुढून हलेना. ताईच्या कोपराची कातडी काळवंडलेली, सुरकुतलेली, तिथे पिठाचा एक ठिपका. सबंध आयुष्य दुसऱ्यांची मापं घेतलेली बाई ती. कुणी माप घ्यायला आलं की कसं उभं राहायचं, श्वास कसा धरायचा, हे तिला कुणी शिकवायला नको. चिमीला वाटलं, तिने निदान विचारायला हवं होतं, मी का म्हणून. किंवा नुसतं हसायला तरी हवं होतं. ती हसली नाही, रागावली नाही, हात दुमडून उभी राहिली. तीन वेळा लाल दिवा लागला आणि तिन्ही वेळा मागच्या गाडीने हॉर्न वाजवल्यावर चिमी भानावर आली.

ताई तिच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा चिमी सात वर्षांची होती, आणि वडील असून नसल्यासारखे. तेव्हापासून चिमीची वेणी ताईने घातली, ताप आला तर उशाशी ताई बसली, शाळेत पालकांना बोलावलं की एकोणीस वर्षांची ताई चेहरा गंभीर करून सगळ्या आयांच्या रांगेत बसली. तिने शिवण शिकून दुकान टाकलं. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली, पण बाहेर पाटी होती आणि पाटीवर ताईचं नाव होतं. बायका लांबून यायच्या. ताईने बेतलेला गळा कधी ओघळला नाही, असं त्या म्हणायच्या. चिमी तिथेच कापडाच्या ढिगावर बसून अभ्यास करायची, आणि पुढे ती कानाची डॉक्टर झाली तेव्हा ताईने दुकानात येईल त्या प्रत्येक बाईला सांगितलं, अगदी नुसतं बटण लावून घ्यायला आलेलीलासुद्धा. मग चिमीला मुलगी झाली. बाळ रात्रंदिवस रडायचं, क्लिनिक नवीन, नवरा फिरतीवर. ताई म्हणाली, दोन महिने येते. त्या दोन महिन्यांना अठरा वर्षं झाली. पाटी कधी उतरली ते चिमीने कधी विचारलं नाही. ताईला सुरुवातीला स्वयंपाक धड येत नव्हता, दुकानाच्या धबडग्यात शिकायला सवड कुठे मिळाली होती, पण ती शिकली, आणि असं शिकली की चिमीच्या घरचं जेवण म्हणजे लोक आमंत्रणाची वाट बघायला लागले.

तिथेच तर घोडं पेंड खातं. लोक यायला लागले. चिमी दिवसभर लोकांना काचेच्या दाराआडच्या आवाजबंद खोलीत बसवते, कानांवर हेडफोन चढवते, हातात बटण देते आणि सांगते, आवाज ऐकू आला की दाबा, कितीही बारीक असू दे. मग बाहेर बसून आवाज लहान लहान करत नेते. कुठला आवाज किती अंतरावर पोचतो, पंखा चालू असताना बोलण्यातली कुठली अक्षरं गळतात आणि कुठली टिकतात, हे तिला तोंडपाठ आहे. त्यामुळेच तिची सुटका नाही. दुसऱ्या कुणी बाईने म्हटलं असतं, नसेल ऐकलं तिने, आणि झोपली असती. अकरा वर्षांपूर्वी क्लिनिकचे लोक जेवायला आले होते. मोठ्या डॉक्टरांची बायको, गळ्यात मोत्यांचे दोन सर, आवाज खणखणीत, ताट पुसून खाल्ल्यावर चिमीकडे वळून म्हणाली, ‘‘ही स्वयंपाकाची बाई कुठून मिळवलीत हो? आमच्याकडे टिकतच नाही कुणी.’’ आणि चिमी हसली. हसून म्हणाली, ‘‘नशीब आमचं.’’ ताई पाण्याचा जग घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. टेबलापासून चार पावलं. आत धुराचा पंखा चालू होता, पण तो पंखा जाड, खालच्या आवाजाचा. मोत्यांवाल्या बाईचा आवाज त्याच्या बराच वर. चिमीने हा हिशोब त्या रात्री केला, पुढच्या आठवड्यात केला, आजवर किती वेळा केला याची गणती नाही, आणि उत्तर दर वेळी एकच.

का नाही म्हणालीस, ही माझी बहीण? एवढे तीन शब्द तर होते. जीभ कुणी धरली होती? चिमीने याची कारणं शोधायचा पुष्कळ प्रयत्न केला. बाईंना ओशाळं वाटलं असतं, जेवणाचा विचका झाला असता, क्लिनिकमध्ये भागीदारीची बोलणी चालू होती. हे सगळं खरं, आणि यातलं काहीही कारण नव्हतं. कारण असं होतं की त्या क्षणी तिने ताईकडे बाईंच्या डोळ्यांनी पाहिलं. विटलेला गाऊन, वर कोपरापर्यंत खोचलेल्या बाह्या, कपाळावर घामाने चिकटलेले केस. आणि तिला वाटलं, बरं झालं हिला बाई समजले. हे ती कुणाला सांगू शकली नव्हती. नवऱ्याला तर नाहीच. ताईने जग टेबलावर ठेवला, सगळ्यांचे पेले भरले, एक थेंब सांडला नाही, आणि आत गेली. त्यानंतर पाहुणे असताना ती बाहेर आली नाही. आतच जेवायची, उभ्या उभ्या. पहिल्या वेळी चिमी आत जाऊन म्हणाली, ये ना ग बाहेर. ताई म्हणाली, भूक नाही. दुसऱ्या वेळी चिमीने फक्त दारातून पाहिलं. तिसऱ्या वेळी दारापर्यंतही गेली नाही. नवऱ्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, ताईला माणसांत आवडत नाही, लाजाळू आहे ती. जिन्याखालच्या दुकानात दिवसाला चाळीस बायकांशी हुज्जत घालणारी ताई लाजाळू. पण नवरा भोळा, त्याने मान डोलावली, आणि पुढे तोच इतरांना सांगू लागला की आमच्या ताई फार लाजाळू. घरातल्या घरात तो शब्द इतका वापरला गेला की मुलीनेही शाळेच्या निबंधात लिहिला.

त्यातलं सगळ्यात वाईट अजून सांगायचं राहिलं. त्या जेवणानंतर वर्षभराने चिमीने ताईला क्लिनिकमध्ये नेलं. म्हणाली, साठीकडे चालली आहेस, कान तपासून घेऊ. ताई नवीन साडी नेसून आली, आणि बहिणीच्या क्लिनिकमध्ये बहिणीच्या खुर्चीसमोर बसायला मिळालं म्हणून खूश होती. बाहेर बसलेल्या बाईशी तिने ओळखही करून घेतली. काचेपलीकडे हेडफोन लावून बसली तेव्हा शाळेतल्या मुलीसारखी ताठ. चिमीने आवाज सोडला, ताईने बटण दाबलं. आणखी बारीक केला, ताईने दाबलं. चिमी बारीक करत गेली, जिथे चाळिशीची माणसं गोंधळून काचेतून बघायला लागतात तिथपर्यंत, त्याच्याही खाली, आणि काचेपलीकडे ताईचा अंगठा दर वेळी शांतपणे दाबत राहिला. चिमीला मनातून हवं होतं की त्या अंगठ्याने एकदा तरी थांबावं. आपल्या बहिणीला कमी ऐकू यावं अशी इच्छा धरून कानाची डॉक्टर बसली होती. कागदावर रेघ सरळ आली. ताई बाहेर येऊन म्हणाली, काय, नापास का? चिमी म्हणाली, नाही, विशीतले कान आहेत तुझे. ताई हसली, आणि मग हसता हसता तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. तेव्हा चिमीला वाटलं होतं की आता ती काही तरी बोलेल. ती म्हणाली, चल, चहा पाज.

आणि आता ही पॅन्ट्री. कल्पना चिमीची. एका मैत्रिणीकडे पाहिली तेव्हापासून डोक्यात बसली होती. नवरा म्हणाला, खाणारी माणसं चार आणि स्वयंपाकघरं दोन, उद्या जेवणाऱ्यांचा एक नकाशा काढून घ्या. तिने त्याला झटकून टाकलं. मागे कोठीची खोली होतीच, तीत ताईचं शिवणाचं मशीन होतं. ते कुठे जाणार हे कुणी विचारलं नाही, ताईनेही नाही. नकाशा आला तेव्हा चिमीला त्यातलं सगळ्यात काय आवडलं असेल तर ते दार. पुढच्या स्वयंपाकघरातून पॅन्ट्रीत जायला भिंतीच्याच रंगाचं सपाट दार, बंद केलं की दार आहे असं वाटूही नये. छान केलंय हे, ती मुलीला म्हणाली होती, आणि मुलगी काही तरी बोलणार होती तेवढ्यात चिमीचा फोन वाजला. आज दुपारी दोन पेशंटच्या मधल्या वेळात तिला ते दार आठवलं, आणि दारामागे तीन इंच खाली असलेला ओटा आठवला. ही खोली आपण भांड्यांसाठी बांधतच नाही. अकरा वर्षं जे नुसतं चालत आलं होतं ते आता विटा-सिमेंटमध्ये करून घेतो आहोत, आणि वर ताईकडूनच त्याचं माप घेतलं. समोरच्या म्हाताऱ्या पेशंटला तिने तोच प्रश्न तीनदा विचारला. तो म्हणाला, डॉक्टर, आज तुमचेच कान तपासा.

संध्याकाळी ती घरी न जाता तडक इंटिरियरवाल्या मुलीच्या ऑफिसात गेली. जिना चढताना वाक्य तयार केलं होतं: दार नको, मधली भिंतच नको, एकच मोठं स्वयंपाकघर कर, एकच ओटा. हे बोलून टाकलं की घरी जाऊन ताईला सांगायचं, आणि मग तेही सांगायचं, जे राहिलं होतं. बऱ्याच दिवसांनी छाती मोकळी झाल्यासारखं वाटत होतं. मुलीने शांतपणे ऐकून घेतलं, मग फडताळातून पहिला नकाशा काढला. त्यात दार नव्हतं. नुसती रुंद कमान होती, इकडून तिकडे सगळं दिसणारी. ती म्हणाली, मी तर उघडंच ठेवलं होतं, मॅडम. ज्यांचं सकाळी माप घेतलं त्या मावशींनी दार सांगितलं. मी खोल्यांची मापं घ्यायला आले तेव्हा तुम्ही क्लिनिकमध्ये होतात. मुलगी सांगत राहिली की मावशींना नुसतं दार नको होतं, त्याच्या कडेला रबराची पट्टी हवी होती, खालच्या फटीलासुद्धा. वास बाहेर जाऊ नये म्हणून का, असं तिने विचारलं, तर मावशी म्हणाल्या, वासाचं काही नाही ग, बाहेरचं बोलणं आत यायला नको. चिमीने पहिल्या नकाशावर हात ठेवला, तो तसाच ठेवून उभी राहिली. मुलीला काही समजेना. तिने खुर्ची पुढे केली, पाणी आणलं. कामगार सोमवारी यायचे आहेत, काय ते आज-उद्या कळवा, एवढं म्हणाली. चिमी पाणी न पिताच निघाली.

घरी ताई कोठीच्या खोलीत होती. मशीनवर झाकण घातलेलं, आणि ती खाली बसून चिंध्यांचं गाठोडं सोडून निवड करत होती, ठेवायचं काय आणि टाकायचं काय. चिमी बूट न काढताच आत गेली आणि तिच्यासमोर फरशीवर बसली. इतक्या वर्षांत ती या खोलीत खाली बसली नव्हती. ताईने एकदा तिच्या बुटांकडे पाहिलं. चिमी म्हणाली, दार नको ताई. भिंत पण नको. सगळं एकच करायचं.

‘‘राहू दे,’’ ताई म्हणाली. ‘‘मीच सांगितलंय ते.’’

‘‘माहीत आहे. तिने सांगितलं मला. रबराचं पण.’’

ताईने एक निळा तुकडा घडी करून ठेवायच्या बाजूला ठेवला. मग म्हणाली, ‘‘लोक आले की तू आधी माझ्याकडे बघतेस, मग बोलतेस. अकरा वर्षं बघतेयस. जेवतानासुद्धा तुझं अर्धं लक्ष आत. मला बघवत नाही ते, चिमे. दार असलं की तू मोकळी बोलशील, आणि मला ऐकायला नको.’’

चिमीला वाटलं होतं, हे सांगताना आपण रडू, आणि ताई जवळ घेईल, आणि संपेल. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं नाही. मोठ्या मुश्किलीने ती म्हणाली, ‘‘मी तेव्हा बहीण म्हणायला हवं होतं.’’

‘‘हो,’’ ताई म्हणाली. ‘‘म्हणायला हवं होतंस.’’

जाऊ दे म्हणाली नाही. त्यात काय एवढं, हेही म्हणाली नाही. चिमीने वर्षानुवर्षं ज्या क्षमेची मनातल्या मनात तालीम केली होती तिच्यात हे वाक्य नव्हतं. खोलीत कापडाचा आणि मशीनच्या तेलाचा वास होता. जिन्याखालच्या दुकानात असायचा तोच. तिला एकदम आठवलं की तिथे ती कापडाच्या ढिगावर झोपून जायची आणि ताई एका हाताने मशीन चालवत दुसऱ्या हाताने तिच्यावर काही तरी पांघरायची, कुणाचं तरी अर्धवट शिवलेलं. तिने पुन्हा सांगितलं, दार नको, मला नकोय ते दार, मी आत्ता फोन करून सांगते. आवाज जरा चढलाच होता. पिशवीतून तिने फोन काढला, नंबरही लावायला घेतला.

ताई गाठोड्यावरून हात काढून घेऊन तिच्याकडे बघत होती. ‘‘बरं,’’ ती म्हणाली. ‘‘मग रविवारी तुझे लोक येतायत ना, तेव्हा मी टेबलाशी बसते. ती मोत्यांवाली पण यायचीय, तिच्या शेजारी बसते. तू सांग तिला.’’

सांगते, असं चिमीला म्हणायचं होतं. शब्द तोंडात तयार होता. पण त्याच्या आधी, अगदी एका श्वासापुरतं, तिच्या डोळ्यांपुढे ते टेबल आलं: मोत्यांचे सर, काटे हातात धरून थांबलेली माणसं, आणि बाई भुवया उंचावून हिशोब करते आहे, बहीण होती तर अकरा वर्षं आम्ही काय बघत होतो? भागीदारांच्या खोलीत सोमवारी सकाळी कोण काय बोलेल तेही तिला ऐकू आलं. ताई आजारी होती म्हणावं, किंवा ताई नुकतीच राहायला आली म्हणावं, असं काही तरी तिचं मन भराभर जुळवू लागलं. एक श्वास, फार तर दोन. एवढ्यात ती ‘सांगते’ म्हणालीसुद्धा, बऱ्यापैकी ठामपणे म्हणाली.

पण ताईने पुन्हा गाठोड्यात हात घातला होता. एक चिंधी उजेडात धरून पाहिली आणि टाकायच्या ढिगावर टाकली. ‘‘दार राहू दे,’’ ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, थकवाही नव्हता. गिऱ्हाइकाला गळा किती खोल ठेवू हे दोनदा विचारून झाल्यावर ती आपणच ठरवायची, तेव्हा असा आवाज असायचा. ‘‘आणि त्या मुलीला सांग, रबर चांगलं लाव म्हणावं.’’

चिमीने फोन मांडीवर ठेवला. नाही ताई, असं ती म्हणाली, दोनदा म्हणाली, आणि म्हणत असतानाच तिला हायसं वाटलं. तिने ते चेहऱ्यावर येऊ न देण्याची शर्थ केली. ताईने ते आधीच पाहिलं होतं, आणि मान खाली घालून ती पुढची चिंधी निवडू लागली.